मेंदूचा फोटो आणि मंत्रचळाचे भाकीत

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव साऱ्या महाराष्ट्राला नरवीर तानाजी मालुसऱ्यांमुळे ठाऊक आहे. त्यांची समाधी तेथे आहे आणि शाळांच्या सहली ती पाहायला जातात. या वेळी मात्र उमरठच्या बाजूने आमच्याकडे आला तो इतिहासाचा प्रश्न नव्हे. त्या परिसरात शिकवणाऱ्या एका गुरुजींनी आम्हांला मेंदूविषयी प्रश्न विचारला. त्याचे उत्तर पत्राने देऊन भागण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

गुरुजींच्या वर्गात दहावीचा एक मुलगा आहे. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) मुलगा हुशार, पण उत्तरपत्रिका कधी पुरी होत नाही. लिहिलेली ओळ त्याला चुकीची वाटते. तो ती खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो. कागद फाटेपर्यंत हे चालते. घरी हात धुण्याचा असाच प्रकार. थंडीत बोटांच्या बेचक्यांतून रक्त येते, तरी हात धुणे थांबत नाही. आजी म्हणते, पोरगे सोवळ्याचे आहे. आई म्हणते, अभ्यास टाळतो. महाडच्या डॉक्टरांनी हा मानसिक विकार असल्याचे सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला. घरात त्यावर विचार चालू असताना मुंबईस असलेल्या काकांनी एक बातमी वाचली : मेंदूच्या स्कॅनवरून या विकाराच्या रुग्णाला उपचाराचा गुण येईल की नाही, हे आधीच कळते. काकांनी फोनवर सांगितले, "आधी मेंदूचा फोटो काढू. गुण येणार असेल तरच पुढचा खर्च करू."

गुरुजींचा प्रश्न असा : हे बरोबर आहे का?

काकांचे म्हणणे वरवर पाहता शहाणपणाचे वाटते. पेरण्यापूर्वी बी उगवते की नाही, हे शेतकरी पाहतोच. म्हणून या बातमीमागचे संशोधन आम्ही नीट वाचले. त्यात काय आहे, काय नाही आणि उमरठच्या मुलाला त्याचा उपयोग किती, ते पाहू.

विकार आणि त्याचा उपचार

या विकाराला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली आणि माणूस चळला, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चुकीची असली तरी शब्द अर्थपूर्ण आहे. चूक झाल्याची शंका आणि ती पुसण्यासाठी पुन्हापुन्हा केलेली कृती, ही दोन्ही अंगे त्यात येतात. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याने अस्वस्थता वाढते, ती शमवण्यासाठी माणूस धुतो, तपासतो, मोजतो. क्षणभर बरे वाटते. त्या क्षणभराच्या आरामामुळेच कृतीची सवय घट्ट होते. विकार पुष्कळदा शालेय वयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणून शिक्षकांना तो ओळखता येणे महत्त्वाचे.

उपचार दोन प्रकारचे आहेत. एक औषधांचा, मुख्यतः मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या औषधांचा. दुसरा वर्तनोपचाराचा. यात रुग्णाला ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात आणि त्यानंतरची कृती रोखून धरायला लावतात. दाराच्या कडीला हात लावायचा आणि दहा मिनिटे धुवायचा नाही. अस्वस्थता आधी चढते, मग न धुताही आपोआप उतरते. हा अनुभव पुन्हापुन्हा आला की शंकेचा जोर कमी होतो. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर ही पद्धत वापरली, तेव्हापासून ती विकसित होत गेली.

मुलांच्या बाबतीत याचा चांगला अभ्यास झाला आहे. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ११२ मुलांचे चार गट करून त्यांच्यावर १२ आठवडे उपचार केले. विकार जवळजवळ पूर्ण ओसरलेल्या मुलांचे प्रमाण असे : वर्तनोपचार आणि औषध दोन्ही मिळालेल्यांत ५३.६ टक्के, केवळ वर्तनोपचाराने ३९.३, केवळ औषधाने २१.४ आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ३.६ टक्के. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील. उपचाराने फरक पडतो, हे त्यांतून स्पष्ट दिसते. सर्वांना सारखा फरक पडत नाही, हेही दिसते. मग कोणाला पडेल ते आधी कळावे, ही इच्छा स्वाभाविक आहे.

दावा काय आहे?

आपण ज्याची परीक्षा घेणार आहोत तो शोधनिबंध २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी मंत्रचळाच्या ४२ प्रौढ रुग्णांचे मेंदू उपचारापूर्वी चुंबकीय यंत्रात पाहिले. त्यानंतर चार आठवडे रुग्णांना वर्तनोपचार दिला. मेंदूच्या भागाभागांतील जोडणीवरून उपचारानंतरची तीव्रता गणिताने सांगता येते का, हे त्यांनी तपासले. दोन जाळ्यांतील जोडणीवरून ती सांगता आली : माणूस स्वस्थ बसून आपल्याच विचारांत असतो तेव्हा कार्यरत असणारे जाळे आणि दृष्टीशी संबंधित जाळे. उपचारानंतर रुग्णारुग्णांत जो फरक दिसला, त्यातील ६७ टक्क्यांपर्यंतचा भाग या जोडणीवरून उलगडला. सुरुवातीच्या लक्षणांना दिलेल्या गुणांपेक्षा हे भाकीत सरस ठरले.

दावा लहान नाही. तो अप्रामाणिकही नाही. ज्या रुग्णाचे भाकीत करायचे त्याला बाजूला ठेवून उरलेल्या ४१ जणांवरून गणित बसवायचे आणि मग त्या एकाचे भाकीत करायचे, अशी काळजी संशोधकांनी घेतली होती. आमचे आक्षेप संशोधकांच्या नीयतीवर नाहीत. या निकालावरून उमरठच्या मुलाबद्दल काही ठरवता येते, या समजुतीवर आहेत.

जोडणी म्हणजे तार नव्हे

पहिली अडचण शब्दाची. जोडणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तार येते. या यंत्राला तशी तार दिसत नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचे काम वाढले की तेथे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्या रक्ताच्या चुंबकीय गुणधर्मात पडलेला फरक यंत्र टिपते. सेइजी ओगावा यांनी १९९० साली ही पद्धत दाखवली. पुढे १९९५ साली अमेरिकेत भारत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. माणूस काही न करता स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूच्या उजव्या आणि डाव्या बाजूंतील हालचालींशी संबंधित भागांमधील संकेत एकत्र वरखाली होतात. अशा एकत्र वरखाली होण्याला जोडणी म्हणण्याचा प्रघात पडला.

महाडकरांना हे लगेच समजेल. पावसाळ्यात सावित्री चढते तेव्हा गांधारीही चढते. दोन्ही नद्यांच्या पातळीचे आलेख काढले तर ते एकमेकांसारखे दिसतील. त्यावरून एका नदीचे पाणी दुसरीला चढवते आहे, असे म्हणता येणार नाही. दोघींच्या डोक्यावर सह्याद्रीचा तोच पाऊस पडतो आहे, हे कारण पुरेसे आहे. मेंदूतील जोडणीही असाच सहसंबंध आहे. आणि येथे पाऊस अनेक प्रकारचा असू शकतो. श्वासाची लय बदलली, झोप लागली, डोके मिलिमीटरच्या काही अंशाने हलले, तरी या सहसंबंधात फरक पडतो. विकाराने अस्वस्थ असलेला रुग्ण अरुंद यंत्रात किती स्थिर पडून राहू शकला, याचीही सावली या मोजमापावर पडू शकते. ही सावली काढून टाकण्याच्या गणिती रीती आहेत, पण त्या पुरत्या निर्दोष नाहीत.

आणखी एक व्यावहारिक बाब. शहरातील निदान केंद्रात एम.आर.आय. करून मिळते ते मेंदूच्या रचनेचे चित्र. गाठ, रक्तस्राव, सूज यांसाठी ते फार मोलाचे. मंत्रचळाच्या बहुतेक रुग्णांत त्याचा अहवाल 'दोष आढळला नाही' असाच येईल. काकांना जो फोटो काढायचा आहे तो त्या केंद्रात निघतच नाही.

४२ माणसे आणि हजारो जोड्या

दुसरी अडचण संख्यांची आहे आणि ती गणिताच्या तासाला शिकवण्याजोगी आहे. समजा, मेंदूचे २०० भाग पाडले. प्रत्येक भागाची दुसऱ्या प्रत्येक भागाशी जोडी लावली तर २०० गुणिले १९९ भागिले २, म्हणजे १९,९०० जोड्या होतात. माणसे मात्र ४२. ज्या ठिकाणी माणसांच्या शेकडोपट मोजमापे असतात, तेथे एखादे मोजमाप निव्वळ योगायोगाने निकालाशी जुळणारच.

याचे चित्र वर्गात उभे करता येते. ३२ मुलांना वहीत पाच वेळा छापा किंवा काटा असे आधीच लिहून ठेवायला सांगा. मग तुम्ही नाणे पाच वेळा उडवा. पाचही वेळा बरोबर लिहिण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे, म्हणून सरासरीने एखादा मुलगा किंवा मुलगी सर्व बरोबर लिहून बसलेली असेल. त्या मुलाचा सत्कार करा, त्याला भविष्यवेत्ता म्हणा. आणि मग पुन्हा पाच वेळा नाणे उडवा. भविष्यवेत्त्याचे काय होते, ते वर्गाला पाहू द्या. भाकिताची कसोटी नव्या नाण्यावर लागते, जुन्यावर नाही. हा धडा मुले विसरत नाहीत.

मेंदूच्या चित्रणात हा धोका किती खरा आहे, हे २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजेने दाखवले. त्यांनी बाजारातला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि नेहमीचे गणित केले. असंख्य तुलनांसाठी करावयाची दुरुस्ती गाळली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही काही ठिपके 'कार्यरत' दिसले. दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. या कामाला २०१२ साली गमतीदार विज्ञानाचे इग् नोबेल पारितोषिक मिळाले. गमतीमागचा इशारा मात्र गंभीर होता.

२०१८ च्या निबंधात संशोधकांनी अशा दुरुस्त्या केल्या होत्या आणि एकेक रुग्ण बाजूला ठेवण्याची काळजीही घेतली होती. तरीही बाजूला ठेवलेला रुग्ण त्याच शहरातला, त्याच यंत्रातला, त्याच उपचारकांकडचा होता. वर्गातल्याच मुलाने वर्गातल्याच मुलांचा पेपर तपासावा, तसे हे झाले. बाहेरचा परीक्षक अजून आला नव्हता. शिवाय '६७ टक्क्यांपर्यंत' यातील 'पर्यंत' हा शब्द बातम्यांत हमखास गळतो. अनेक जाळ्यांपैकी ज्यांनी सर्वांत चांगली कामगिरी केली, त्यांची ती वरची हद्द आहे.

२०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने सुमारे ५०,००० व्यक्तींच्या माहितीवरून दाखवले, की मेंदूची चित्रे आणि माणसामाणसांतील वागण्याचे फरक यांचा संबंध विश्वासाने सांगायचा तर बहुधा हजारो व्यक्ती लागतात. लहान गटात मिळालेले ठळक संबंध मोठ्या गटात फिके पडतात. त्या निष्कर्षाच्या उजेडात ४२ रुग्णांवरील आकड्याकडे पाहिले पाहिजे.

महाडने घालून दिलेली रीत

तिसऱ्या अडचणीकडे जाण्यापूर्वी आम्ही वाचकांना महाडला घेऊन जातो. भाकिताची कसोटी कशी पार करावी, याचे एक नामांकित उदाहरण याच मुलखात घडले आहे.

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, मरत असत. दंश झालेल्यांपैकी कोणाचे हृदय धोक्यात येणार, हे आधी कळत नसे. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय अशी लक्षणे हृदयाच्या संकटाची पूर्वसूचना देतात, असे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. हेही भाकीतच होते. त्याला लागणारी साधने म्हणजे डोळे, हात आणि वही. पुढे १९८६ साली, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना उपयोगी पडते, असे बावस्कर दांपत्याने त्याच नियतकालिकात मांडले.

तिसरी पायरी २०११ ची. विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाली होती. मग प्राझोसिन पुरे की सोबत लसही द्यावी? महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांची ३५-३५ अशी विभागणी झाली. कोणी कोणत्या गटात जायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते, ते योगायोगावर सोपवले होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्राझोसिन व लस या गटात ३२ आणि केवळ प्राझोसिनच्या गटात ८ होते. हा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला.

आधी लक्षण, मग उपचार, मग दोन उपचारांची समोरासमोर तुलना, अशा या तीन पायऱ्या आहेत. ७० हा आकडाही काही मोठा नाही. पण येथे प्रश्न एकच होता आणि मोजायची गोष्टही एकच होती. हजारो जोड्यांतून उत्तर शोधायचे नव्हते. म्हणून ७० जणांनीही स्पष्ट उत्तर दिले.

कोणता प्रश्न विचारला?

आता तिसरी अडचण. 'हा रुग्ण बरा होईल का?' आणि 'हा रुग्ण या उपचाराने त्या उपचारापेक्षा अधिक बरा होईल का?' हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले तरी दुसऱ्याचे मिळत नाही. काकांना हवे आहे दुसऱ्याचे उत्तर, कारण निवड त्यावर अवलंबून आहे. आणि दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर महाडसारखे दोन गट लागतात. २०१८ च्या अभ्यासात ४२ जणांना मिळालेला उपचार एकच होता. ज्यांना वर्तनोपचाराचा गुण कमी आला, त्यांना औषधाचा अधिक आला असता की तोही कमीच, हे त्या अभ्यासातून कळू शकत नाही.

दोन गटांचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९९८ साली याच विद्यापीठातील ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी एकूण २७ रुग्णांच्या मेंदूतील साखरेचा वापर मोजला. काहींना वर्तनोपचार दिला, काहींना फ्लुओक्सेटिन हे औषध. डोळ्यांच्या खोबणीवर असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला, साखरेचा वापर जास्त असलेल्यांना वर्तनोपचाराचा गुण अधिक आला. औषधाच्या गटात नेमके उलटे दिसले. उपचार निवडायला उपयोगी पडेल असे भाकीत या प्रकारचे असते. पण २७ जणांत, तेही दोन गटांत विभागलेल्या, सापडलेल्या गोष्टीवर कोणाच्या मुलाचा उपचार ठरवता येत नाही. आणि १९९८ साली साखरेच्या वापरात दिसलेली खूण एका ठिकाणी, २०१८ साली जोडणीत दिसलेली दुसऱ्याच ठिकाणी. मोजमापे वेगळी आहेत हे मान्य. पण दोन दशकांत एकच खूण पक्की झाली, असे घडलेले नाही.

मग मोठ्या समूहाने काय दाखवले? जगभरच्या संशोधकांनी एनिग्मा या नावाने आपली माहिती एकत्र केली आहे. त्यातील मंत्रचळाच्या गटात बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेचाही सहभाग आहे. २०२३ साली या गटाने २८ ठिकाणच्या १,०२४ रुग्णांची आणि १,०२८ निरोगी व्यक्तींची जोडणी तपासली. प्रश्न उपचाराच्या भाकिताहून सोपा होता : केवळ जोडणी पाहून रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे यंत्राला ओळखता येते का? उत्तराचे माप ०.५६७ ते ०.६७३ आले. याचा अर्थ असा. एक रुग्ण आणि एक निरोगी अशा १०० जोड्या यंत्रापुढे ठेवल्या, तर सुमारे ५७ ते ६७ जोड्यांत ते रुग्णाकडे बरोबर बोट दाखवील. नाणे उडवून ५० जोड्यांत दाखवता येते. औषध घेणाऱ्या रुग्णांना ओळखणे यंत्राला अधिक सोपे गेले, ०.७०२, न घेणाऱ्यांना ओळखणे अवघड, ०.६०८. म्हणजे यंत्राला जे दिसले त्यात विकाराइतकाच औषधाचा ठसाही असू शकतो.

आज समोर उभा असलेला विकार ओळखताना ज्या मोजमापाची ही अवस्था, त्यावर तीन महिन्यांनंतरच्या गुणाचे भाकीत सोपवणे घाईचे आहे. या संशोधनाची विकार समजून घेण्यास मदत होते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. समूहांतील सरासरी फरक खरा असू शकतो. पण सरासरीतील फरक एकट्या माणसाचे भवितव्य सांगत नाही. मुंबईकर मुले सरासरीने उमरठच्या मुलांपेक्षा उंच निघाली, म्हणून उंची सांगितल्यावर मुलाचे गाव ओळखता येत नाही.

'नाही' या उत्तराची किंमत

समजा, उद्या ही चाचणी बरीच सुधारली आणि १०० पैकी ७० वेळा बरोबर ठरू लागली. तरी काकांच्या नियमाने काय होईल, ते मोजून पाहू. समजा, १०० रुग्णांपैकी ६० जणांना वर्तनोपचाराचा गुण येणार आहे, ४० जणांना नाही. चाचणी त्या ६० पैकी १८ जणांना चुकून 'गुण येणार नाही' असे सांगेल. उरलेल्या ४० पैकी २८ जणांना तेच बरोबर सांगेल. म्हणजे 'नाही' असे ऐकून घरी परतणारे ४६ जण आणि त्यांतील १८ जण असे, की ते बरे झाले असते. पाचांतील जवळजवळ दोघे!

विषारी औषध किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करायची असेल, तर अशी चाचणी कामाची ठरू शकते. तेथे उपचारच जोखमीचा असतो. वर्तनोपचारात अस्वस्थता सोसावी लागते, पण इजा नसते. त्याचा गुण येतो का, हे पाहण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तो काही आठवडे नीट करून पाहणे.

कोणी म्हणेल, उपचारक थोडे आणि रुग्ण पुष्कळ, मग ज्यांना गुण येईल त्यांनाच आधी घ्यावे, हे न्याय्य नाही का? प्रश्न खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात, असे आढळले. त्या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे आम्हांला वाटत नाही. मात्र उपचारक दुर्मीळ आहेत म्हणून त्यांच्या दारात त्यांच्याहून दुर्मीळ यंत्र उभे करणे, हा उपाय नव्हे. उमरठहून पाहिले तर अडचण 'कोणाला गुण येईल' ही नाही. 'उपचार शिकलेला माणूस किती कोसांवर आहे' ही आहे. संशोधनाचा पैसा कोणत्या प्रश्नावर खर्च व्हावा, याचाही विचार येथून करून पाहावा.

यंत्राशिवाय कळणाऱ्या खुणाही आहेत. घरचे लोक विकाराला कितपत सामील होतात, ही एक. आई मुलाबरोबर भांडी पुन्हा धुते, बाप दहादा 'सगळे ठीक आहे' म्हणतो, तेथे सुधारणा मंदावते. दुसरी खूण शिक्षकांच्या जवळची आहे, गृहपाठ. उपचारकाने दोन भेटींच्या मधल्या दिवसांत करायला दिलेला सराव जे रुग्ण नेटाने करतात, त्यांना गुण अधिक येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. या खुणांचा मोठा गुण म्हणजे त्या बदलता येतात. मेंदूचा फोटो पाहून काय बदलायचे?

गुरुजींना उत्तर

तेव्हा गुरुजी, काकांना असे सांगा. फोटोसाठी थांबू नका. ज्या निबंधावर ही बातमी उभी आहे तो ४२ प्रौढांवरचा आहे, तुमचा पुतण्या १५ वर्षांचा आहे. मुलांवरचे जे आकडे आहेत ते उपचाराच्या बाजूचे आहेत. वर आम्ही लक्षात ठेवायला सांगितले होते तेच : दोन्ही उपचार मिळाले तर निम्म्याहून अधिक मुलांचा विकार जवळजवळ ओसरला. औषध कोणते आणि किती, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शासनाची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. पहिले बोलणे तेथेही करता येईल.

वर्गात तुम्हांला करता येण्यासारखे थोडे आहे, पण मोलाचे आहे. मुलगा खोडरबर घेऊन बसला की रागावू नका आणि 'बरोबर आहे रे' असे दहादा सांगूही नका. रागाने भीती वाढते, दिलाशाने सवय. 'ही शंका विकाराची आहे, ओळ तशीच ठेवून पुढची लिहू' एवढे एकदा शांतपणे म्हणा. पुढच्या पायऱ्या उपचारकाच्या सल्ल्याने, मुलाच्या संमतीने ठरवा. आजीला सांगा, की हे सोवळे नव्हे. आईला सांगा, की हा आळस नव्हे. इतर मुलांपुढे त्याचा विषय काढू नका.

आणि नाणे उडवण्याचा प्रयोग मात्र साऱ्या वर्गाकडून जरूर करून घ्या. त्यात त्या मुलालाही घ्या. लिहिलेले न खोडता पाच वेळा छापा-काटा लिहायचे, हाच त्याचा त्या दिवसाचा सराव होईल. भविष्यवेत्त्याचे दुसऱ्या फेरीत काय झाले, ते आम्हांला कळवा.